परीक्षा शाळेची आहे

नाशिक,
होळीनंतरचा सोमवार

चि. सौ. मुग्धा हिस,


तुझा लांबलचक निरोप ऐकला. तिसरीतल्या ओवीची येऊ घातलेली राज्य परीक्षा, शेजारच्या घरांनी शाळेला पाठवलेली नकारपत्रं, त्यावर अभिजितरावांचं 'परीक्षेला बसायचं नाही म्हणजे काय?' आणि या सगळ्यात तुझी झालेली ओढाताण. फोनवर बोलायला बसलो तर आपण दोघी गप्पांत वाहून जाऊ, म्हणून लिहिते. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या सरकारी शाळेत मी वर्षानुवर्षं चौथीला शिकवलं आणि ही परीक्षा माझ्या वर्गात घेतली. त्यामुळे मला माझं मत आहे, ते मी आडपडदा न ठेवता सांगणार आहे. पण आधी ही परीक्षा नेमकी कोणाची आणि तिचा आकडा जातो कुठे, हे समजून घे.

अभिजितरावांच्या डोळ्यांपुढे परीक्षा म्हटलं की बोर्ड उभं राहतं, यात नवल नाही. आपल्याकडे गुण मुलाच्या नावाला चिकटतात. दहावीच्या टक्क्यांवर अकरावीचं कॉलेज, मग सीईटी, आणि पार स्थळाच्या बायोडाटापर्यंत तो आकडा पाठ सोडत नाही. न्यूयॉर्क राज्यातली तिसरी ते आठवीची इंग्रजी आणि गणिताची परीक्षा तशी नाही. केवळ किंवा मुख्यतः या गुणांवरून मुलाला वरच्या वर्गात घालायचं की नाही हे शाळेने ठरवायचं नाही आणि हे गुण मुलाच्या कायमच्या दप्तरात नोंदवायचे नाहीत, असा कायदाच राज्याने २०१४ साली केला. ओवीला एक ते चारपैकी कुठली पातळी मिळाली, हे कॉलेजच्या अर्जात कुठेही येत नाही. तुमच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी व्हिसाचा धाक घातलाय म्हणालीस. परीक्षा देण्या-न देण्याचा तुमच्या व्हिसाशी किंवा ग्रीनकार्डाच्या रांगेशी काडीचाही संबंध नाही. ती भीती आजच काढून टाक.

मग हा आकडा हवाय तरी कोणाला?

८ जानेवारी २००२ रोजी जॉर्ज बुश यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही केली. त्या कायद्याने देशभर तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा वाचन-गणिताची परीक्षा सक्तीची झाली. आज त्या कायद्याला येताजाता शिव्या घालतात, पण टेड केनेडींसारखे डेमोक्रॅटही त्याच्या पाठीशी होते, ते उगाच नाही. त्याआधी शाळा आपली सरासरी मिरवायच्या आणि त्या सरासरीखाली कोण दडपलंय ते कोणाला दिसत नसे. कायद्याने फर्मावलं, की कृष्णवर्णीय मुलं, गरीब घरातली मुलं, अपंग मुलं, इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं, अशा प्रत्येक गटाचा निकाल वेगळा काढा आणि जाहीर करा. आमच्या शाळेत तसे तक्ते आले, तेव्हा 'आपलं छान चाललंय' असं पालकसभेत सांगणाऱ्या मुख्याध्यापकांनाच वरच्या कार्यालयात जाऊन विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी जादा शिक्षक मागावा लागला. शिक्षक कितीही कळवळून सांगोत, आकडा हातात नसता तर ती मागणी कोणी कानावर घेतली नसती.

बिघडलं ते पुढे. २०१४ पर्यंत १०० टक्के मुलं ठरलेल्या पातळीला पोचली पाहिजेत, असं त्या कायद्याचं म्हणणं होतं. असं जगातल्या कुठल्या वर्गात होत नाही. नाही जमलं की शाळेवर शिक्का, आणि शिक्क्यामागून शिक्षा. भीतीपोटी माणसं काय करतात ते अटलांटात दिसलं. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावं गुण फिरवण्यात आली. मुलांची चुकीची उत्तरं खोडून मोठी माणसं बरोबर उत्तरं भरत होती. दरम्यान २००९ मध्ये ओबामा सरकारने 'रेस टू द टॉप' नावाने ४.३५ अब्ज डॉलर पुढे ठेवले. न्यूयॉर्कला त्यातले सुमारे ७० कोटी मिळाले, पण मुलांच्या गुणांवरून शिक्षकांना जोखायचं कबूल करून. त्यातच २०१३ साली 'कॉमन कोअर'च्या नव्या निकषांवर पहिली परीक्षा झाली. आदल्या वर्षी इंग्रजीत ५५ टक्के आणि गणितात ६५ टक्के मुलं अपेक्षित पातळीला होती, ती दोन्हीकडे ३१ टक्क्यांवर आली. शाळा त्याच, शिक्षक तेच, माप तेवढं बदललं.

तुमच्याच बाजूला, लाँग आयलंडवरच्या ग्रेट नेकमध्ये, शेरी लेडरमन नावाच्या चौथीच्या शिक्षिका होत्या. त्यांची मुलं राज्याच्या सरासरीच्या कितीतरी वर असायची. मुलांच्या 'प्रगती'साठी त्यांना एका वर्षी २० पैकी १४ गुण मिळाले आणि पुढच्याच वर्षी २० पैकी १! मुलं आधीच इतकी वर होती की आणखी वर सरकायला जागा नव्हती, आणि हे त्या गणिती सूत्राला कळत नव्हतं. बाई कोर्टात गेल्या. मे २०१६ मध्ये न्यायाधीशांनी तो गुण मनमानी ठरवून रद्द केला.

या पार्श्वभूमीवर २०१५ च्या सुरुवातीला गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो शिक्षकांच्या मूल्यमापनाचा निम्मा भार या गुणांवर टाकायला निघाले आणि आईबापांचं डोकं फिरलं. त्या वर्षी राज्यातल्या सुमारे २० टक्के, म्हणजे दोन लाखांहून जास्त मुलांनी परीक्षा दिली नाही. लाँग आयलंडवर तर जवळजवळ निम्म्या. ते वाया गेलं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये शिक्षकांच्या मूल्यमापनात हे गुण वापरायला स्थगिती मिळाली, २०१६ पासून वेळेचं बंधन उठलं, २०१८ पासून प्रत्येक विषयाला तीनऐवजी दोन दिवस झाले, आणि २०१९ साली मूल्यमापनात हे गुण धरायची सक्ती कायद्यानेच काढून टाकली. तुझ्या शेजाऱ्यांचा नकार हा त्या लढ्याचा वारसा आहे. त्याला नावं ठेवू नकोस. ज्या कारणांसाठी तो लढा उभा राहिला त्यातली मोठी कारणं त्याच लढ्याने मिटवली आहेत, एवढं मात्र ध्यानात घे. आज कोणी 'आमच्या शिक्षकांना वाचवायला आम्ही नकार देतो' म्हणालं, तर ते दहा वर्षांपूर्वीचं उत्तर आहे.

दुसरी बाजूही तेव्हाच बोलली होती. मे २०१५ मध्ये १२ नागरी हक्क संघटनांनी एकत्र पत्रक काढून या नकाराला विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं, की आमच्या मुलांकडे दुर्लक्ष होतंय हे दाखवणारा पुरावा तुम्ही आमच्या हातून काढून घेताय. नकार देणारी घरं बहुतेक गोऱ्या, शिकल्यासवरलेल्या उपनगरांतली होती. न्यूयॉर्क शहरात, जिथे मी शिकवत होते, तिथे नकार अगदी थोडे.

आण्णा निफाडच्या शेतातली माती तपासायला पाठवायचे ते तुला आठवत असेल. एका बांधावरून माती उचलून भागायचं नाही. चारी कोपऱ्यांतून, मधून, खालच्या पाणथळ तुकड्यातून मूठमूठ घेऊन ती एकत्र करायची. अहवाल आला की खताचा हिशोब बदलायचा. त्या मुठीला कोणी हुशार किंवा ढ म्हणत नसे. ओवीच्या परीक्षेकडे मी तशीच बघते. तिचा गुण हा शाळा, गाव आणि राज्य यांच्याबद्दलच्या मोठ्या हिशोबातली एक मूठ आहे. शेताचा बरा तुकडा माती देईनासा झाला, तर अहवाल साऱ्या शेताचा राहत नाही.

आता तुम्हा दोघांना जरा टोचेल असं बोलते. तीन वर्षांपूर्वी घर घेताना तुम्ही काय पाहिलंत? शाळांना दहापैकी गुण देणारी ती वेबसाइट उघडून अभिजितराव मला फोनवर गावामागून गाव वाचून दाखवत होते. नऊवाली शाळा मिळावी म्हणून तुम्ही ऐपतीच्या वर जाऊन कर्ज काढलंत. तो नऊचा आकडा ज्या माहितीतून निघतो, तिच्यात मोठा वाटा याच राज्य परीक्षेच्या गुणांचा. इतरांच्या मुलांनी दिलेल्या परीक्षेवर घर निवडायचं आणि आपली वेळ आली की परीक्षाच निरर्थक म्हणायचं, हे काही खरं नाही. तो नऊ बऱ्याच अंशी त्या गावातल्या आईबापांच्या कमाईचा आरसा असतो, हेही तितकंच खरं. शाळा काय शिकवते ते त्यातून थोडंच कळतं.

माझं मत विचारशील तर दरवर्षी प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यायची गरज नाही. देशपातळीवरची 'नेप' नावाची चाचणी चौथी आणि आठवीतल्या निवडक मुलांचीच होते, एकेका मुलाचा गुण कधी जाहीर होत नाही, आणि तरी राज्याराज्यांतला फरक तिच्यातून दिसतो. राज्यानेही तसं करावं, असं मला वाटतं. पण १० डिसेंबर २०१५ च्या नव्या केंद्रीय कायद्यानेही दरवर्षीची परीक्षा ठेवली आणि ९५ टक्के मुलं बसली पाहिजेत हा दंडकही ठेवला. लाँग आयलंडवर निम्मी मुलं बसत नव्हती तरी शाळा चालूच राहिल्या, तेव्हा त्या दंडकाचा धाक घालून मी तुला काही करायला लावणार नाही. तरी कायदा बदलेपर्यंत माझा सल्ला असा, की ओवीला परीक्षेला बसव आणि घरात तयारीचा एकही कागद आणू नकोस.

दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही शिक्षक वर्गाच्या भिंती झाकायचो. मुलांनी वर्षभर रंगवलेले शब्दांचे तक्ते, अपूर्णांकांच्या पट्ट्या, पाढे, सगळ्यांवर तपकिरी कागद चिकटवायचा, कारण भिंतीवरून उत्तर मिळता कामा नये. सकाळी मुलं त्या उघड्याबोडक्या खोलीत शिरली की जरा बावरायची, पण बहुतेक दहा मिनिटांत रुळायची. घाबरलेलं मूल घाबरूनच घरून आलेलं असायचं. एकदा आपल्यातलाच एक मुलगा पेन्सिलीला टोक करायला माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "चार नाही मिळाले तर बाबा कुमॉन शिकवणीचे दिवस वाढवणार आहेत." बेरजेच्या एका सोप्या गणिताचं उत्तर त्याने कागद फाटेस्तोवर खोडलं आणि पुन्हा लिहिलं. पहिलं लिहिलेलं उत्तर बरोबर होतं. परीक्षेला वेळेचं बंधन नव्हतं, बाहेर कोणी रागावत नव्हतं. सगळी घाई त्याच्या घरातून आलेली होती.

म्हणून अभिजितरावांना सांग, सरावाची पुस्तकं मागवू नका. 'बेस्ट ऑफ लक' नको, बक्षीस नको, संध्याकाळी 'किती सोपं होतं?' नको. शाळेत दोन-दोन दिवस नेहमीपेक्षा वेगळं काम असेल, शिक्षकांना कळावं म्हणून. येईल ते लिही, नाही आलं तर सोडून दे. एवढं तिला पुरेल. आता परीक्षा संगणकावर असते, तेव्हा शाळा एकदा सराव करून घेते का तेवढं विचार. नाहीतर वाक्य सुचतं आणि कळफलकावर अक्षर सापडत नाही, अशी गत होते. प्रश्नपत्रिका म्हणजे वेद नव्हे, हेही दोघे लक्षात ठेवा. २०१२ साली आठवीच्या इंग्रजीत ससा आणि अननस यांच्या शर्यतीचा उतारा आला होता. त्यावरचे प्रश्न असे चमत्कारिक, की मोठी माणसंसुद्धा उत्तरावरून भांडली आणि शेवटी राज्याला ते प्रश्न गुणांतून वगळावे लागले.

मग नकार कधी द्यायचा? ओवीला शाळेच्या नुसत्या नावाने पोटात कळा येत असतील, झोप उडाली असेल, तर खुशाल दे आणि मनाला लावून घेऊ नकोस. आधी तिच्या बाईंशी बोल. मुलाला काय पेलवेल हे आईखालोखाल त्यांना कळतं. किंवा तुम्हा दोघांना विचारांती ही व्यवस्थाच चुकीची वाटत असेल, तर तोही नकार मला मान्य आहे, फक्त तो नागरिकाचा नकार असू दे. शेजारणीला काय वाटेल म्हणून, किंवा मुलगी कमी गुण मिळवील आणि चारचौघांत नाक कापलं जाईल म्हणून दिलेला नकार मला पसंत नाही.

नकार द्यायचाच झाला तर रीत सांभाळ. न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी सरकारी फॉर्म नाही. मुख्याध्यापकांना दोन ओळी लिहून कळवायचं, की आमची मुलगी अमुक परीक्षा देणार नाही. शाळा तशी नोंद करते, मुलाला शून्य मिळत नाही. वर्गात उभं राहून 'मी देणार नाही' असं सांगायचं काम आठ वर्षांच्या पोरीवर टाकू नकोस. पत्र परीक्षेच्या बरंच आधी जाऊ दे आणि त्या वेळात ती कुठे बसेल ते विचारून घे. काही शाळा अशा मुलांना वाचनालयात पाठवतात, काही ठिकाणी मूल हाताची घडी घालून बाकावर नुसतं बसून राहतं. तसं असेल तर पुस्तक वाचू देण्याची विनंती त्याच पत्रात कर. 'परीक्षा वाईट असते' असंही तिला शिकवू नकोस. उद्या याच मुलीला कितीतरी परीक्षा द्यायच्या आहेत.

दोन परीक्षा इथे वेगळ्या काढते, कारण लोक सगळं एका टोपलीत टाकतात. शाळेत नाव घालताना घरची भाषा विचारतात. तुम्ही मराठी लिहिलंत, छान केलंत. पुष्कळ मराठी घरं घाबरून 'इंग्रजी' लिहितात. त्या नोंदीमुळे मुलाची इंग्रजीची चाचणी होऊन ते नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीत गेलं, तर दरवर्षी त्याची वेगळी परीक्षा होते आणि त्या यादीतून बाहेर पडायची वाट तिथूनच जाते. तुमच्या मराठी मंडळात कोणाचं मूल त्या यादीत असेल, तर त्यांना सांग की ही परीक्षा नाकारू नका. दुसरी हायस्कूलची रीजंट्स. पदवीच्या अटींमध्ये राज्य बदल करू घातलंय, पण आज तरी तिचे गुण मुलाच्या नावावरच लागतात. तिथे आजचा आपला सगळा युक्तिवाद लागू होत नाही, आणि तेव्हा अभिजितराव जे म्हणतील ते बरोबर असेल.

निकाल हातात येईपर्यंत ओवी चौथीत गेलेली असेल. कागद आला की आधी तिच्यासमोर उघडू नकोस. तिची पातळी बघ आणि बाजूला ठेव. मग शाळेची पानं बघ. कुठला गट मागे आहे? इंग्रजी शिकणारी मुलं, विशेष शिक्षणातली मुलं, फुकट जेवण घेणाऱ्या घरांतली मुलं? गेल्या वर्षीपेक्षा काही हललं का? किती मुलं बसलीच नव्हती? हे तीन प्रश्न कागदावर लिही आणि बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या जाहीर सभेत विचार. मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी शाळेच्या अंदाजपत्रकावर मतदान होतं. तुम्ही अजून नागरिक नाही म्हणून मत देता येणार नाही, पण सभेत उभं राहून बोलायला नागरिकत्व लागत नाही, आणि घरपट्टीतून त्या शाळेला तुम्ही पैसे देताच. आपली माणसं तिथे जात नाहीत. मुलाला एक गुण कमी पडला तर बाईंना ईमेल करतात आणि शाळेच्या दहा लाखांच्या खर्चावर अक्षर काढत नाहीत. तुम्ही दोघं जा.

नुसता नकार देऊन घरी बसणारा आणि नुसती परीक्षा देऊन गुण मोजत बसणारा, दोघंही शाळेला मोकळं सोडतात. आकडा द्यायचा असेल तर त्याचा हिशोब मागा, आणि आकडा द्यायचा नसेल तर का देत नाही ते शाळेच्या तोंडावर सांगा. काय ठरवायचं ते तुम्ही दोघं ठरवा, पण ओवीसमोर बोलताना दोघांचं उत्तर एकच असू दे.

अभिजितरावांना आशीर्वाद सांग, आणि हे पत्र त्यांना वाचायला दे. मधलं टोचणारं पानसुद्धा.

तुझी,
शोभामावशी